दुखणं आधी ओळखा, मग भार मोजून द्या: हाडं, सांधे आणि स्नायूंच्या तक्रारींसाठी सविस्तर मार्गदर्शक

गुडघा, कंबर किंवा खांदा दुखायला लागला की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. पेनकिलर घेऊन तसंच रेटत राहतात, नाहीतर सगळ्या हालचाली बंद करून पडून राहतात. पहिल्या प्रकारात दुखावलेल्या भागाला सावरायला उसंत मिळत नाही. दुसऱ्यात सावरण्यासाठी लागणारं काम मिळत नाही. मधला रस्ता असा: आधी धोका नाही याची खात्री करायची, मग नेमकं काय दुखतंय ते शोधायचं, आणि मग त्या भागावर मोजून, हळूहळू वाढवत भार द्यायचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १७१ कोटी लोकांना हाडं, सांधे किंवा स्नायूंची काही ना काही तक्रार आहे. एकट्या कंबरदुखीनं २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक त्रस्त होते. यातल्या बऱ्याच दुखण्यांना ऑपरेशन लागत नाही, पण शिस्त लागते. ती शिस्त कशी पाळायची, यासाठी हा लेख.

भाराशिवाय हाडही टिकत नाही

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडं आणि सहाशेहून जास्त स्नायू असतात. हाड बाहेरून टणक दिसलं तरी आत त्याची डागडुजी अखंड चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवं भरतात. सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा नव्यानं बांधला जातो. कुठे जास्त भरायचं आणि कुठे कमी, हे बरंचसं भारावरून ठरतं. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम मांडला. त्याचा पुरावा अंतराळवीरांच्या शरीरात दिसतो. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याच्या आणि कंबरेच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्यानं घटते.

सांध्यातल्या कूर्चेची गोष्ट वेगळी आहे. हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत आवरणात रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि त्यासाठी ती स्पंजसारखी दाबली आणि सोडली जावी लागते. चालताना दर पावलाला नेमकं हेच घडतं. गुडघा झिजेल म्हणून चालणं सोडणाऱ्या माणसाच्या कूर्चेला त्यामुळे दुहेरी फटका बसतो. पोषण कमी होतं आणि सांध्याला आधार देणारा मांडीचा स्नायूही रोडावतो.

पायरी १: धोक्याची लक्षणं आधी तपासा

पुढचं काहीही करण्याआधी ही यादी वाचा. यातलं काही लागू होत असेल तर व्यायाम, मालीश, शेक सगळं बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठा.

- कंबरदुखीबरोबर लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसायच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं. मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला गेला की असं होतं. इथे तासांचा हिशेब असतो. सकाळपर्यंत थांबू नका.
- एखादा सांधा अचानक सुजणं, लाल आणि गरम होणं, सोबत ताप. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर काही दिवसांत कूर्चा नष्ट होऊ शकते.
- मार लागल्यावर अवयव वाकडा दिसणं, वजन अजिबात न पेलणं, किंवा त्यापुढची बोटं थंड, निळसर, बधिर पडणं.
- हातापायातली ताकद दिवसागणिक कमी होणं, उदाहरणार्थ चालताना पाऊल उचललंच न जाणं.
- कुठल्याही स्थितीत कमी न होणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, विशेषतः विनाकारण वजन घटत असेल किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल तर.
- उतारवयात किंवा बराच काळ स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाला साध्या वाकण्याने किंवा हलक्या धक्क्याने पाठीत जोरदार कळ येणं. मणका दबला असण्याची शक्यता असते.

दोन दुखणी स्नायूंची वाटतात, पण स्नायूंची नसतात. एकाच पायाची पोटरी सुजून गरम आणि दुखरी झाली असेल तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी अजिबात चोळू नये. आणि खांदा, हात किंवा जबडा दुखताना छातीवर दाब, घाम किंवा धाप असेल तर तो हृदयाचा प्रश्न समजून धावपळ करावी.

पायरी २: एका बोटानं जागा दाखवा

"पाय दुखतो" एवढ्यानं काही कळत नाही. एका बोटानं जागा दाखवता येते का, ते बघा. दाखवता आली तर दुखणं बहुधा कंडरा, लिगामेंट किंवा हाडात असतं. पूर्ण तळहात फिरवावा लागला तर स्नायू, सांधा किंवा दुसरीकडून आलेली कळ असण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक ऊतीच्या दुखण्याची तऱ्हा वेगळी असते. स्नायू लचकला असेल तर तो आवळताना दुखतो आणि ताणतानाही. कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, सुरुवातीला दुखते, थोडं अंग गरम झालं की बरी वाटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताठरते. ही खूण इतकी ठरलेली आहे की निम्मं निदान तिच्यावरच होतं. हाडाला हाडाशी जोडणारं लिगामेंट दुखावलं तर ठराविक दिशेनं ताण आला की कळ येते आणि कधी कधी सांधा दगा दिल्यासारखा निसटतो. नस दाबली गेली तर जळजळ, मुंग्या, विजेसारखी चमक असते, आणि ती रेघ ओढावी तशी लांबवर जाते. कंबरेतली नस पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ पाठवते, पण मूळ कंबरेतच असतं.

सकाळच्या ताठरपणाला किती वेळ लागतो, तेही घड्याळ लावून बघा. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सांधा मोकळा होत असेल तर झिजेचा संधिवात जास्त संभवतो. अर्धा-पाऊण तास उलटूनही हाताची मूठ वळत नसेल आणि बोटांच्या मधल्या सांध्यांना सूज असेल, तर तो दाहाचा संधिवात असू शकतो. आमवात याच गटातला. त्याचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत.

घोटा मुरगळला की एक्स-रे काढायचा का, हा नेहमीचा प्रश्न. त्यासाठी कॅनडात ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही साधे नियम मांडले, आणि ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे जे उंचवटे असतात, त्यांच्या मागच्या कडेवर खालच्या टोकापासून वर साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत बोटानं दाबत जा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध हाताला लागणारा हाडाचा फुगवटा दाबा, आणि आतल्या बाजूला पावलाच्या कमानीच्या वरचं हाड दाबा. या ठिकाणी नेमकं हाडच दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे हवा. दोन्ही नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. सूज उंचवट्याच्या पुढे आणि खाली, मऊ भागात असते, आणि तिचा आकार पाहून माणसं उगाच घाबरतात. लहान मुलं, बधिर पाय किंवा नशेतला माणूस यांच्या बाबतीत मात्र हे नियम लावू नयेत.

खांद्यासाठीही घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवा आणि हात बाहेरच्या बाजूला उघडा, जसं दाराचं पान उघडतं. आता दुसऱ्या कुणाला तरी तोच हात हळूच बाहेर न्यायला सांगा, तुम्ही जोर लावू नका. दुसऱ्यानं नेल्यावर हात नीट जातो पण तुमचा तुम्हाला नेता येत नाही, असं असेल तर सांधा मोकळा आहे आणि कंडरा दुखावलेली आहे. दोघांनीही नेऊन तो एकाच जागी अडत असेल तर सांध्याचं आवरणच आक्रसलं आहे. यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात. चाळीस ते साठ वयात आणि मधुमेह असलेल्यांत तो जास्त दिसतो. तसाच अडथळा सांधा खराब झाल्यावर किंवा निखळल्यावरही येतो, म्हणून एकदा एक्स-रे काढून घ्यावा.

पायरी ३: वेळेचा हिशेब समजून घ्या

उपचार फसण्याचं सगळ्यात मोठं कारण मला घाई वाटतं. माणूस दोन आठवडे व्यायाम करतो, फरक दिसत नाही, सोडून देतो. पण कंडरेला मुळात दोन आठवड्यांत फरक पडतच नाही.

हलका लचकलेला स्नायू दोन-तीन आठवड्यांत बरा होतो, कारण त्याला रक्तपुरवठा भरपूर असतो. जास्त फाटला असेल तर सहा आठवडे किंवा अधिक. लिगामेंट सांधायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि पूर्ण बळकटी यायला आणखी काही महिने. मोडलेल्या हाडाभोवती दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा धरतो. हाताची हाडं साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतात, नडगीच्या हाडाला बारा आठवडे किंवा त्याहून जास्त लागू शकतात. जुनाट झालेल्या कंडरेला कमीत कमी तीन महिने द्यायलाच हवेत. सायटिकाचे, म्हणजे कंबरेतली नस दाबून पायात कळ उतरण्याचे, बरेचसे रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत लक्षणीय सुधारतात. दोन मणक्यांमधल्या गादीचा बाहेर आलेला तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच शोषून घेतं.

धूम्रपान करणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात. प्लास्टर असेपर्यंत तरी सिगारेट सोडा.

पायरी ४: पहिले दोन-चार दिवस

ताज्या दुखापतीला विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हा सल्ला अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली लोकप्रिय केला. पुढे त्यांनीच बर्फ आणि पूर्ण विश्रांतीबद्दलचं आपलं मत बदललं. बर्फानं दुखणं कमी वाटतं, बरं होण्याचा वेग वाढत नाही. म्हणून फार ठणकत असेल तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावा, त्यापलीकडे त्याचा अट्टाहास नको. क्रेप बँडेज बोटांकडून वरच्या दिशेनं, बोटं निळी पडणार नाहीत इतपत घट्ट बांधा. बसताना-झोपताना पाय उशीवर ठेवा. ताज्या सुजेवर गरम शेक आणि जोराची मालीश टाळा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हालचाल सुरू करा. घोटा मुरगळला असेल तर पाय हवेत धरून अंगठ्यानं शून्य ते नऊ असे अंक काढा. दुखत असलं तरी सोसवेल इतकं वजन टाकत चाला, लागली तर काठी घ्या.

कंबरेत उसण भरली तर गणित जरा बदलतं. तिथे शेक चालतो, बहुतेकांना बरा वाटतो. अंथरुणाला खिळून राहणं मात्र एक-दोन दिवसांपुढे जाऊ देऊ नका. गुडघ्यांखाली उशी घेऊन पडायचं, दर तासा-दीड तासानं उठून घरातल्या घरात फिरायचं. कंबरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, महिनोन्‌महिने नको.

पायरी ५: भार मोजून वाढवा

सगळ्यात जास्त लक्ष द्यायची पायरी हीच, कारण औषधांनी किंवा मशीनच्या शेकानं ऊती बळकट होत नाहीत.

किती दुखलं तर चालेल? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं माप धरा. व्यायाम करताना दुखणं तीन-चारपर्यंत गेलं तरी चालतं. अट एकच: दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं. सकाळी जास्त दुखत असेल किंवा सांधा सुजला असेल, तर कालची मात्रा जास्त झाली. व्यायाम बंद करू नका, मात्रा एक टप्पा खाली आणा. मुंग्या, बधिरपणा किंवा पायात उतरणारी कळ वाढत असेल तर तो प्रकार थांबवून दाखवून घ्या.

गुडघ्यासाठी एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी खुर्चीवरून उठ-बस निवडेन. हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. जरा पुढे सरकून बसा, पावलं नितंबांइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि मग टाचांवर जोर देऊन उठा. गुडघे आत झुकायला लागले तर तिथेच थांबा, पुन्हा बसा, पावलं सरळ करा. उठणं सोपं असतं, कस लागतो बसताना. शेवटच्या चार-पाच इंचांत माणूस धप्पकन आदळतो, कारण तिथे मांडीच्या स्नायूची ताकद संपलेली असते. मनात तीन मोजत बसा, बूड अलगद टेकलं पाहिजे. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी टाकून उंची वाढवा. आठ-दहा वेळा, असे तीन फेरे, मधे एक-दोन मिनिटं दम, आठवड्यातून तीनदा. दहा वेळा सहज जमलं की उशी काढा. तेही जमलं की छातीशी वजन धरा. त्यानंतर एका पायावर जास्त जोर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: उंची, वजन, संख्या किंवा वेग. दोन एकदम बदलल्या आणि दुखलं, तर कशानं दुखलं ते कळत नाही.

टाचेमागची जाड कंडरा दुखत असेल तर स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला कार्यक्रम आजही उपयोगी आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या आणि दुखऱ्या एकाच पायावर हळूहळू टाच पायरीच्या खाली उतरवायची. पंधरा वेळा, तीन फेरे, एकदा गुडघा ताठ आणि एकदा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. कंडरा नेमकी टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीखाली न नेता सपाट जमिनीवर करा, नाहीतर तिथला दाब वाढून त्रास होतो.

ताकदीतला खरा फरक आठ ते बारा आठवड्यांत दिसतो. तोवर वहीत तीनच गोष्टी लिहा: आज काय केलं, करताना किती दुखलं, दुसऱ्या दिवशी सकाळी किती दुखलं.

नेहमीच्या तक्रारी, थोडक्यात

गुडघ्याच्या झिजेत व्यायामाइतकंच महत्त्व वजनाला आहे. जास्त वजनाच्या, गुडघेदुखी असलेल्या लोकांवरच्या अभ्यासात असं दिसलं की एक किलो वजन घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. पाच किलो घटवलेल्या माणसाच्या गुडघ्यावरून दिवसभरात किती ओझं उतरतं, याचा हिशेब करून बघा. गुडघ्यातून कटकट आवाज येतो पण दुखत नाही, तर तिकडे दुर्लक्ष करा.

टाचेच्या तळव्याचं दुखणं सकाळच्या पहिल्या पावलांना सगळ्यात तीव्र असतं. पायाच्या बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाच उचलण्याचा सराव, मऊ तळाची पादत्राणं आणि तळव्याचा ताण यांनी ते हटतं, पण महिने लागतात.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग रात्री मुंग्यांनी बधिर होत असेल, आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली नस दाबली जाते आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून झोपा. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खोलगट व्हायला लागला तर मात्र वेळ घालवू नका.

कंबरदुखी पंचेचाळिशीच्या आत सुरू झाली असेल, तीन महिन्यांहून जास्त चालली असेल, विश्रांतीनं वाढत असेल आणि हालचालीनं कमी होत असेल, तर ती मणक्यांच्या दाहाची असू शकते. असे रुग्ण वर्षानुवर्षं साधी कंबरदुखी समजून फिरत राहतात, याचं वाईट वाटतं. संधिवाततज्ज्ञांकडे जा.

आमवातात सुरुवातीचे काही महिने मोलाचे असतात. औषधं लवकर सुरू झाली तर सांध्यांची मोडतोड बरीच टळते. यातलं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यानं जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. वार ठरवा, तो डबीवर लिहून ठेवा. गाउटमध्ये पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लालबुंद होतो, पांघरूणही सोसवत नाही. रक्तातलं युरिक ॲसिड दर डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याचे स्फटिक बनू शकतात, म्हणून ते सहाच्या खाली ठेवायचं असतं. झटका ओसरल्यावर ॲलोप्युरिनॉलसारखं रोजचं औषध बंद करणं ही नेहमीची चूक. ते सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढूही शकतात, त्यासाठी डॉक्टर सोबत दुसरं औषध देतात.

हाडांची ठिसूळता हाड मोडेपर्यंत दुखत नाही. रजोनिवृत्तीनंतर, किंवा उंची चार सेंटिमीटरनं घटली असेल, किंवा उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं असेल, तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करा. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर उपचार लागतात. ॲलेंड्रोनेटसारखी गोळी सकाळी उपाशीपोटी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. वजनाचे व्यायाम आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव यांची जोड हवीच, कारण हाड बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडतं.

पायरी ६: औषधं आणि इंजेक्शनं

गुडघा आणि हाताच्या सांध्यांसाठी आधी डायक्लोफेनॅकचं जेल वापरून बघा, पोटातल्या गोळीपेक्षा त्याचा धोका कमी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका, आणि या गटातल्या दोन गोळ्या कधीही एकत्र घेऊ नका. पॅरासिटामॉल तुलनेनं सौम्य, पण ताज्या कंबरदुखीत ते औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा लवकर बरं करत नाही, असं २०१४ च्या ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

स्टिरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं. फ्रोझन शोल्डरच्या दुखऱ्या टप्प्यात त्याचा उपयोग होतो. कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात मात्र इंजेक्शन घेतलेले लोक वर्षभरानं न घेतलेल्यांपेक्षा मागे राहिल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. म्हणून इंजेक्शन घेतलंच, तर मिळालेल्या आरामाच्या काळात व्यायाम सुरू करा.

घरातल्या इतर औषधांवरही नजर टाका. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातल्या ॲन्टिबायोटिकनं टाचेची कंडरा दुखावू शकते, अगदी तुटूही शकते. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका.

पायरी ७: एमआरआयचा कागद कसा वाचायचा

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. वीस वर्षांच्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशी वर्षांच्या ९६ टक्के लोकांत. गादी फुगलेली होती वीस वर्षांच्या ३० टक्क्यांत आणि ऐंशीच्या ८४ टक्क्यांत. हे सगळे दुखण्याविना जगत होते. तेव्हा अहवालात "झीज" किंवा "फुगवटा" वाचून हादरू नका. तो शब्द तुमच्या लक्षणांशी जुळतो का, हा खरा प्रश्न. नस दाबली गेल्याचं चित्र डाव्या बाजूला आणि कळ उजव्या पायात असेल, तर त्या चित्राचा तुमच्या दुखण्याशी संबंध नाही. धोक्याची लक्षणं नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत कंबरेच्या एमआरआयनं उपचार सहसा बदलत नाहीत.

पायरी ८: ऑपरेशन कधी

काही ठिकाणी वाट बघण्यात अर्थ नसतो: जागचं हललेलं फ्रॅक्चर, सांध्यातला जंतुसंसर्ग, नसांचा जुडगा दाबला जाणं, मोडलेला खुबा. बाकी बहुतेक ऑपरेशनं ठरवून करायची असतात, आणि तिथे विचाराला वेळ असतो.

झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून "सफाई" करण्याची पद्धत पूर्वी फार चालायची. अमेरिकेत ह्यूस्टन इथे १८० रुग्णांवर केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही जणांना फक्त त्वचेवर छेद देऊन टाके घातले. सफाई झालेल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त आराम पडला नाही. सांधेबदलाची बाजू मात्र भक्कम आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्न्ली यांनी १९६२ मध्ये खुब्याचा आधुनिक कृत्रिम सांधा बसवायला सुरुवात केली, आणि २०१९ च्या एका आढाव्यानुसार २५ वर्षांनंतर सुमारे ८२ टक्के पूर्ण गुडघे आणि ५८ टक्के खुबे टिकून राहतात. रात्रीची झोप उडाली असेल, थोडं चालणंही अशक्य झालं असेल आणि किमान तीन महिने मनापासून व्यायाम करूनही फरक नसेल, तर सांधेबदलाला घाबरून वर्षं वाया घालवू नका.

शल्यचिकित्सकांना चार प्रश्न विचारा: ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? माझ्यासारख्या रुग्णांपैकी किती जणांना फायदा होतो? काय बिघडू शकतं? आणि पूर्वीसारखं काम करायला किती आठवडे लागतील? उत्तरं लिहून घ्या, सोबत घरचं माणूस न्या.

तारीख ठरली की तोवरचे आठवडे रिकामे जाऊ देऊ नका. खुर्चीवरून उठ-बस, पलंगावर पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळणं, वॉकर किंवा काठी घेऊन चालणं हे आधीच अंगवळणी पाडा, कारण बहुतेक ठिकाणी रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. घरातल्या पायपुसण्या, तारा उचलून ठेवा, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा आणि रोजच्या वापरातल्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणा.